महानंदाच्या शहाण्णव ताटल्या

लातूरच्या शिकवणीच्या भागात मुलींचं एक हॉस्टेल आहे. अ, ब, क, ड अशा चार इमारती, प्रत्येकीला चार मजले आणि आत नऊशे पोरी. सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. त्या हॉस्टेलच्या भिंतींवर, जिन्यांच्या तोंडाशी, अभ्यासिकांच्या छताला भाकरीएवढ्या पांढऱ्या गोल चकत्या बसवल्यात. वायफायच्या. कंपनीच्या कागदावर त्यांचं नाव ॲक्सेस पॉइंट. पोरी म्हणतात ताटल्या. एका मजल्यावर सहा, सगळ्या मिळून शहाण्णव. या शहाण्णव ताटल्यांच्या वायरी ज्या एका खोलीत येऊन मिळतात, त्या खोलीत महानंदा कलशेट्टी बसते. वय त्रेपन्न. शिक्षण बारावी, तेही औशाला. इंग्रजीत बरोबर पस्तीस मार्क.

मार्क मुद्दाम सांगितले. गळ्यात ओळखपत्राची दोरी आणि हातात डिग्रीचा कागद असल्याशिवाय माणसाला अक्कल असते हे न मानणारे लोक आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. त्यांनी ही गोष्ट जरा नीट वाचावी.

ती खोली पूर्वी फोनची होती. पोरींकडं मोबाइल नव्हते तेव्हा रोज संध्याकाळी गावागावांतून आई-बापांचे फोन यायचे. महानंदा बोर्डावर बसायची, फोन घ्यायची आणि भोंग्यावर पुकारायची, "एकवीस नंबर, निलंग्याहून बाबा!" बापाच्या पहिल्या 'हॅलो'वरून तिला कळायचं की खबर बरी आहे का वाईट. वाईट असली की ती भोंगा वाजवत नसे. फोन तसाच धरून ठेवायला सांगायची, तीन-तीन जिने चढून जायची आणि पोरीचा हात धरून खाली आणायची. तेव्हापासून तिचं नाव फोनमावशी.

मग मोबाइल आले आणि बोर्ड मेला. महानंदाला ऑफिसातली वरकड कामं लागली. चार वर्षांमागं वायफाय आलं. कंपनीच्या पोरांनी बघितलं तर इमारतींच्या सगळ्या जुन्या वायरी फोनच्या खोलीतच येत होत्या. म्हणून त्यांनी ताटल्यांना हुकूम देणारी लोखंडी पेटीही तिथंच बसवली. म्हणाले, "मावशी, याला हात लावायचा नाही."

तिनं लावला. सरळ सांगायचं तर दुसऱ्याच दिवशी लावला. हिंदीतले व्हिडिओ थांबवून थांबवून बघितले आणि शाळेच्या वहीत चॅनेल, सिग्नल, कंट्रोलर असे शब्द मराठी अक्षरांत उतरवून पाठ केले. महिनाभरात तिच्या डोक्यात उजेड पडला. नवरा शंकरप्पा जेवत होता, त्याला ती म्हणाली, "ह्यो तर आपलाच बोर्ड हाय की वो! निस्त्या वायरी दिसत न्हाईत."

आणि खरंच तसं होतं. ताटलीला स्वतःची अक्कल फार नसते. कोणी कुठल्या वाटेनं बोलायचं, किती मोठ्यानं बोलायचं, कुठला मोबाइल कुणी सांभाळायचा, हे सगळं पेटी ठरवते. पेटीत एकदा पासवर्ड बदलला की शहाण्णव ताटल्या मुकाट मानतात. एखादी गप्प झाली की पडद्यावर लाल ठिपका. महानंदानं कंपनीचे इंग्रजी आकडे पुसून ताटल्यांना आपली नावं दिली. 'ब दोन, कपड्यांची दोरी.' 'क तीन, मल्लम्माचं दार.' 'अ चार, रडायची पायरी.' लाल ठिपका दिसला की नाव वाचायचं आणि थेट तिथं जाऊन उभं राहायचं. कंपनीचा माणूस बोलावला तर येईपर्यंत चार दिवस जायचे. ही चार मिनिटांत पोचायची. हळूहळू सगळा कारभार तिच्याकडं आला. कुणी दिला नाही. ती करत गेली म्हणून आला.

कारभार नीट चालला होता. मधूनमधून नेट रुसायचं, आपोआप ताळ्यावर यायचं. आणि मग तो रविवार आला.

पोरींची सराव परीक्षा होती, टॅबवर, प्रत्येक मजल्याच्या अभ्यासिकेत. दहाला पेपर सुरू झाला. साडेदहाला अ इमारतीत टॅबवरचं चाक फिरायला लागलं. मग ब, मग क, शेवटी ड. अकराच्या आत निम्म्या पोरींचे पेपर अर्ध्यात अडकले. कुणी रडायला लागलं, कुणी टॅब आपटला. पडद्यावर मात्र एकही लाल ठिपका नव्हता. शहाण्णवच्या शहाण्णव हिरव्या. महानंदा या मजल्यावरून त्या मजल्यावर धावत राहिली आणि तिला काही म्हणजे काही सापडलं नाही.

सोमवारी संस्थेचे सचिव उमाशंकर सरांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नाही, पण त्यांचा विश्वास माणसावर कमी आणि व्हिजिटिंग कार्डावर जास्त.

"महानंदाबाई, नऊशे पोरींचे आई-बाप मला फोन करून राहिलेत."

"मलाबी तेच करून राहिलेत, सर. मला सवय हाय."

"चेष्टा नको. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी राज्यभराची सराव परीक्षा आहे. तीही अशीच पडली तर हॉस्टेलचं नाव गेलं म्हणून समजा. पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर येतोय. तो बघेल. आणि त्या रविवारी पुन्हा घोळ झाला तर सगळा कंट्रोल पुण्याला देऊन टाकू. तुम्ही स्टोअरला बसा. साबण, झाडू, बल्ब. निवांत काम."

महानंदाला साबणाचं वावडं नव्हतं. पण पुण्यात बसलेल्या माणसाला 'रडायची पायरी' काय कळणार? तिथली ताटली गेली तर तो तक्रारीला नंबर देईल. तिथं बसून घरी बोलणारी पोर तोवर काय करेल? बोर्ड एकदा हातातून गेला होता, तेव्हा काळच बदलला होता, इलाज नव्हता. या वेळी मात्र तिला हरवून नेणार होते.

इंजिनिअर गुरुवारी आला. नाव अमरनाथ. मूळचा देगलूरचा, नांदेड जिल्ह्यातला, पण पुण्याचं पाणी असं लागलेलं की बोलण्यात देगलूर औषधालाही नव्हतं. लॅपटॉप उघडा धरून तो चारी इमारती फिरला. महानंदा मागं मागं.

"मॅडम, सिग्नल तर एकदम छान आहे. सगळीकडं."

"आज हाय. दवाखान्यात न्यायला रिक्षात घातलं की लेकराचा ताप उतरतो, तसलं हाय ते."

तो हसला, पण अहवालात लिहायचं ते त्यानं लिहिलं. गर्दी जास्त, ताटल्या कमी. आणखी चाळीस बसवाव्यात आणि कंट्रोल पुण्याहून व्हावा. सरांनी मान डोलावली. महानंदानं कागद दोनदा वाचला. गर्दीचं तिच्या मनाला पटेना. गर्दी तर रोजचीच. मग रोज का नाही बिघडत?

पुढच्या सोमवारी नळाला पाणी आलं.

लातुरात पाणी रोज येत नाही. कधी आठवड्यानं, कधी दहा दिवसांनी. आलं की घराघरांत सणासारखी धांदल उडते. हॉस्टेलात तर विचारूच नका. प्रत्येक मजल्याच्या व्हरांड्यात विटांच्या ओट्यावर काळ्या टाक्या मांडलेल्या, त्या काठोकाठ भरायच्या. पोरी बादल्या घेऊन कपडे धुवायला धावतात. त्या गलक्यातून महानंदा ब इमारतीचा जिना चढत होती. वरून हिमायतनगरच्या शिवानीचा आवाज आला. काडीसारखी पोर, पण आवाज तीन मजल्यांचा.

"आली गं गंगा! चला, आता सरस्वती चालली माहेरी!"

पोरी खिदळल्या. महानंदा थांबली.

"शिवाने, काय म्हणालीस?"

"काही न्हाई मावशी. गंमत."

"मग गंमतच सांग."

शिवानीनं बादली खाली ठेवली. "आमच्यात तसं म्हणतेत. गंगा आली की सरस्वती जाती. नळाला पाणी आलं की नेट गेलंच म्हून समजा. कामून ते म्हाईत न्हाई. सवती असतीन दोघी."

"कधीपास्नं म्हणता?"

"मी आले तव्हापासून. सीनियर पोरी म्हणायच्या."

दुसरा कुणी असता तर "अभ्यास करा, अभ्यास" म्हणून पुढं गेला असता. महानंदाची सगळी हयात ऐकण्यात गेलेली. ती आल्या पावली खोलीत परतली.

फोनच्या काळापासून तिला एक सवय होती. कुठली लाइन कधी खरखरली हे रोज वहीत टिपायचं. ताटल्यांचंही ती तसंच टिपत आली होती, चार वर्षांचं. पोरींच्या तक्रारी ज्या दिवशी वाढल्या त्या दिवसांवर तिनं पेन्सिलीनं गोल केले. आधी तिलाही वाटलं की पाण्याच्या दिवशी पोरी कोचिंग बुडवून हॉस्टेलात थांबतात, म्हणून गर्दी. पेटीत बघितलं तर उलटंच. त्या दिवशी मोबाइल कमीच चालू असायचे, कारण हात साबणात. म्हणजे गर्दी नव्हे. वही काखेत मारून ती रेक्टरकडं गेली.

रेक्टर मल्लम्मा उदगीरकडची. बोलताना मध्येच कानडी डोकावतं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या साली हिनं एकाही पोरीला बिनआंघोळीचं ठेवलं नव्हतं. त्या टाक्या, ते विटांचे ओटे, सगळं त्याच साली तिनं उभं केलेलं. पाण्याचं रजिस्टर ती देवघरातल्या पोथीसारखं कापडात गुंडाळून ठेवते.

"अक्का, पाण्याचं रजिस्टर दे गं जरा."

"कशाला? माझ्या नीरुवर डोळा कुणाचा?"

"डोळा न्हाई. तारखा बघायच्यात."

दोघी शेजारी बसल्या. एकीनं पाण्याच्या तारखा वाचायच्या, दुसरीनं पेन्सिलीचे गोल बघायचे. पाच तारखा जुळल्या, दहा जुळल्या. पंधरावी जुळल्यावर मल्लम्मानं चष्मा काढून पुसला. पाणी आलं की तीन-चार दिवस तक्रारी, मग हळूहळू कमी, मग शून्य. पुन्हा पाणी, पुन्हा तक्रारी. परीक्षा पडली त्या रविवारच्या आदल्याच दिवशी पाणी आलेलं. आणि अमरनाथ आला त्या गुरुवारी टाक्या तळाला गेलेल्या.

"अव्वा!" मल्लम्मा म्हणाली. "म्हंजे माझं पाणी तुझं नेट पितंय?"

खरंच पितंय का, ते मंगळवारी सकाळी बघितलं. ब इमारतीचा दुसरा मजला. टाकी ओट्यावर, टाकीच्या मागं भिंतीला ताटली, पुढं अभ्यासिका. महानंदानं टाकीवर बोटांची पेरं वाजवत वाजवत खाली आणली. ठण, ठण, ठण आणि मग ढप. ढप वाजलं तिथं तिनं खडूची रेघ मारली. पाणी इथवर. शिवानीला मोबाइल घेऊन टाकीच्या पुढं उभं केलं.

"रेघेच्या वर धर. सिग्नलच्या किती दांड्या?"

"चार."

"आता रेघेच्या खाली."

"एक. न्हाई न्हाई, गेली. वर... चार. खाली... गेली! मावशे, जादू हाय का काय ही?"

"जादू न्हाई. पाणी हाय."

भिंतीतून ताटलीचा आवाज, म्हणजे सिग्नल, थोडाफार तरी जातो. भरलेल्या टाकीतून जात नाही, पाणी त्याला जिरवतं. टाकी रिकामी होत गेली की वाट मोकळी होत जाते. पण एवढ्यानं चारी इमारती कशा बसतील? टाकीमागं तर मजल्यावरच्या सहांपैकी दोनच ताटल्या. पुढचं कोडं तिनं खोलीत बसून सोडवलं, आणि त्याला तिचा जुना बोर्डच कामी आला.

पेटी प्रत्येक ताटलीला विचारत असते, तुला शेजारची ऐकू येते का? त्यावरून ती प्रत्येकीचा आवाज ठरवते. टाकी भरली की टाकीमागचीला शेजारीण ऐकू येत नाही. वायर शाबूत, म्हणून ठिपका हिरवाच, पण पेटीला वाटतं शेजारीण मुकी झाली. ती हिला म्हणते, तू मोठ्यानं बोल, दोघींचं काम कर. हिनं आवाज चढवला की वरच्या मजल्यावरचे मोबाइलही हिलाच चिकटतात. पण मोबाइलचा आवाज तर बारीक, तो उलट हिच्यापर्यंत पोचत नाही. बोर्डावर महानंदानं असे बाप किती बघितलेले! कानानं कमी, म्हणून फोनवर बोंबलायचे. पोरीला सगळं ऐकू यायचं, पण पोरीचं त्यांना ओ की ठो नाही. बोंबलून बोलणं होत नसतं. पलीकडचं ऐकू यावं लागतं. बत्तीस ताटल्या अशा बोंबलत होत्या आणि पेटी भाबडेपणानं त्यांना आणखी चेव देत होती. त्यात आणखी चाळीस आणून बसवल्या असत्या तर नुसता बाजार झाला असता.

राहिला एकच प्रश्न. बत्तीस ताटल्या नेमक्या टाक्यांमागं लावल्या कुणी? तिनं नरसिंगला गाठलं. हॉस्टेलात नळाचा आणि विजेचा मिस्त्री तोच एक.

"नरसिंग, जागा काय कमी होती का रे?"

"बाई, पाण्याच्या पायपासाठी भिंतीला भोक होतंच की आधीचं. त्याच्यातनंच वायर काढली. नवीन भोक पाडलं तर सर ओरडायचे, ताजा रंग हाय म्हून."

"एका भोकात दोन कामं."

"हाव. बचत."

"चार वर्षं नऊशे पोरी तुझी बचत भोगून राहिल्यात, बाबा."

तिनं मल्लम्माला सगळं सांगितलं, तेव्हा मल्लम्मा उठून उभीच राहिली. "म्हंजे टाक्या हलवायला आलीस होय? बेडा! मला ते सांगू नको. ओटे फोडू देणार न्हाई. त्या साली काय दिवस काढले ते मला म्हाईत."

"बस खाली, अक्का. पाणी कशाला हलंल? पाणी थोरलं. माझ्या ताटल्या हलतील."

मल्लम्मा बसली. म्हणाली, "शिडी माझ्या खोलीमागं हाय. घेऊन जा."

चाळीस नव्या ताटल्यांच्या खर्चाला तयार झालेल्या सरांनी वायर, खिळे आणि भिंतीला भोकं एवढ्याला कुरकुरत हो म्हटलं. मंगळवारी दुपारी काम सुरू झालं. नरसिंग भोक पाडायचा, महानंदा पदर खोचून शिडीवर चढून ताटली टाकीच्या अलीकडं छताला बसवायची, आणि शिवानी आणि तिच्या मैत्रिणी रोज एक तास मोबाइल धरून दांड्या मोजायच्या. पेटीतही महानंदानं एक हुकूम घातला. कितीही वाटलं तरी या मर्यादेच्या वर ओरडायचं नाही आणि या मर्यादेच्या खाली कुजबुजायचं नाही. शनिवारी दुपारपर्यंत अ, ब, क उरकल्या. चोवीस झाल्या. उरली ड इमारत. आठ ताटल्या. वायर संपली होती आणि दुकानदार सोमवारचा वायदा करत होता. पण महानंदाला घोर नव्हता. टाक्या उतरतीला लागल्या होत्या, रविवारपर्यंत तळाला जाणार होत्या.

तीन वाजता नळ खळखळला.

पुढं जलवाहिनीची दुरुस्ती होती, म्हणून पाणी पाचव्याच दिवशी सोडलेलं. पोरी नाचायला लागल्या. ऑफिसातून उमाशंकर सर जवळजवळ पळतच आले. मागं अमरनाथ, परीक्षेसाठी मुद्दाम आलेला, काखेत कराराची फाइल.

"मल्लम्माबाई, वॉल्व्ह बंद करा! थेंब घ्यायचा नाही. उद्या परीक्षा झाल्यावर बघू."

मल्लम्माचा चेहरा लालबुंद. "उद्या तुमच्यासाठी पाणी थांबून राहणार हाय का? दुरुस्ती म्हणतेत, पुढचं पाणी कधी येईल देवाला ठावं. नऊशे पोरींनी काय करावं?"

"एक दिवसाचा प्रश्न आहे. ड इमारत अजून तशीच आहे, मला अमरनाथनं सांगितलंय. महानंदाबाई, तुम्हीच सांगा ना यांना. तुमच्याच फायद्याचं आहे."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. फायद्याचं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. टाक्या रिकाम्या राहिल्या असत्या तर परीक्षा निर्धास्त पार पडली असती आणि बोर्ड तिच्या हातात राहिला असता. तिला मान हलवायचाच काय तो अवकाश होता.

"पाणी भरा," महानंदा म्हणाली. "चारी इमारतींत. काठोकाठ."

"आणि परीक्षा पडली तर?"

"तर सोमवारी मी स्टोअरला. आत्ता लिहून द्या, सही करते. पण पोरींना तहानेलं ठेवून चालतंय त्याला नेटवर्क म्हणू नका, सर. तसलं चालवायला मी कशाला पायजे? पुण्याचं माणूस बसवा."

मल्लम्मानं वॉल्व्ह पूर्ण उघडला.

टाक्या भरल्या. सर गेल्यावर दोघी ड इमारतीच्या पायरीवर बसल्या.

"आता गं?" मल्लम्मानं विचारलं. "या आठांचं काय?"

"तेच बघून राहिले. पाणी सांडायचं न्हाई. आणि दहाच्या आत टाक्या उतरायला पायजेत."

मल्लम्मा मोठमोठ्यानं हसायला लागली. "येडे, उद्या रविवार! पोरी केस धुत्यात रविवारी. रोज मी ओरडते, दोन बादल्यांच्या वर न्हाई. उद्या म्हणते, धुवा! पण ड मध्येच धुवा."

सकाळी सहालाच भोंगा वाजला. तोच जुना फोनचा भोंगा, महानंदानं धूळ झाडून जोडलेला. "अ, ब, क च्या पोरींनो, आंघोळीला ड इमारतीत यायचं हो! मनासारखे केस धुवा. आपल्या टाकीला कुणी हात लावायचा नाही!" पोरींना आधी खरंच वाटेना. मग टॉवेल, तांबे, शिकेकाईच्या पुड्या घेऊन जी झुंड निघाली ती बघण्यासारखी. जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. एकही थेंब वाया गेला नाही, सगळं पाणी पोरींच्या केसांतून गेलं.

साडेनऊला महानंदानं ड मधल्या टाक्या वाजवल्या. पहिला मजला, ठण. दुसरा, ठण. चौथा, ठण. तिसऱ्या मजल्यावर पेरं छातीशीच अडकली. ढप.

"अक्का! तिसऱ्याच्या दोन्ही टाक्या अजून भरल्यात!"

तिसऱ्या मजल्यावरची तोटी बारीक धारेनं चालायची, म्हणून पोरींनी तिथं रांगच लावली नव्हती. मल्लम्मानं पदर खोचला. "मेसमधली पातेली आणा. आणि बादल्या. सगळ्या!" वरची झाकणं काढून बादल्या बुडवल्या, साखळी लागली, टाकीतून मेसपर्यंत. रांगेत पोरी होत्या, नरसिंग होता आणि बाह्या दुमडलेला अमरनाथही. "धरा लवकर! कामून थांबले?" तो ओरडला. देगलूर एकदम बाहेर आलं. शिवानी फिस्सकन हसली. दहाला पाच कमी असताना महानंदानं पुन्हा टाकी वाजवली. गुडघ्याशी ढप. वर सगळं ठण.

ती खोलीत जाऊन पडद्यासमोर बसली. उमाशंकर सर दारात उभे, घड्याळाकडं बघत.

दहा. साडेदहा. मागच्या वेळी चाक फिरायला लागलं ती वेळ. ती ठिपके बघत नव्हती, ठिपके मागच्या वेळीही हिरवेच होते. प्रत्येक ताटलीचा आवाज किती, तो आकडा ती बघत होती. टाक्या काठोकाठ भरलेल्या अ, ब, क मध्ये आकडे जागचे हलत नव्हते. कुणी ओरडत नव्हतं. ड मध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एका ताटलीनं आवाज चढवायला घेतला, मर्यादेपाशी आली आणि थांबली. महानंदानं टेबलाची कड सोडली. अकरा. बारा. एक वाजता शेवटच्या पोरीचा पेपर पोचल्याची खूण आली. एकही अडकला नाही.

अभ्यासिकांची दारं उघडली आणि नऊशे पोरी बाहेर आल्या, सगळ्यांचे केस मोकळे, अर्धवट ओले. चारी इमारती शिकेकाईच्या वासानं भरून गेल्या.

उमाशंकर सर घसा खाकरून म्हणाले, "अमरनाथ, तो चाळीसचा करार..."

"नको सर," अमरनाथनं फाइल काखेतून काढलीच नाही. "मी कंपनीला तसं लिहितो. मावशी, ती तुमची वही जरा बघायला मिळंल का? चार वर्षांची?"

"इथं बसून बघ. न्यायची न्हाई."

सर जायला वळले. शाबासकी त्यांच्या तोंडाला सवयीची नव्हती. "स्टोअरला मी दुसरं कुणी बघतो," एवढं बोलून ते गेले. महानंदाला तेवढं पुरलं.

सोमवारी वायर आली. ड इमारतीच्या पहिल्या मजल्यावर महानंदा शिडीवर होती, तोंडात स्क्रू, हातात ताटली. खाली मल्लम्मानं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

"हिचं नाव काय ठेवणार गं?" मल्लम्मानं विचारलं.

महानंदानं तोंडातले स्क्रू काढले. "ड एक, मल्लम्माची टाकी."

"माझं नाव तर एका दाराला दिलंयस की आधीच."

"मग? नीट धर शिडी. अजून सात राहिल्यात."

पलीकडं ब इमारतीत टाकीतलं पाणी अजून काठाशी डुचमळत होतं. शिवानी तोटीखाली बादली लावून, मोबाइल कानाला धरून हिमायतनगरला आईशी बोलत होती, आणि तिचा आवाज तीन मजल्यांवर ऐकू जात होता.